रेघेखालचं काम: तालुक्यातल्या एका वकिली ऑफिसची डायरी

सातारा जिल्ह्यातल्या एका तालुका कोर्टात वकिली करणाऱ्या मॅडमच्या ऑफिसचं हे प्रकरण आहे. नाव, गाव आणि पक्षकारांचे तपशील गाळले आहेत, एक-दोन दाव्यांचं स्वरूपही थोडं बदललं आहे. ऑफिसात माणसं तीन: मॅडम स्वतः, एक ज्युनिअर, आणि मॅडमच्या सीनिअरांच्या काळापासूनचे कारकून, ज्यांना अख्खं कोर्ट ‘आबा’ म्हणतं. चालू प्रकरणं तीनशेच्या आसपास. त्यात वाटपाचे, ताकिदीचे (म्हणजे मनाईहुकमाचे) आणि वहिवाटीचे दावे जास्त. जोडीला चेक बाउन्सच्या फिर्यादी, थोडी पोटगीची प्रकरणं आणि तहसीलदार-प्रांतांपुढची (प्रांत म्हणजे तहसीलदारांच्या वरचे महसूल अधिकारी) कामं. आठवड्यातून एखादी खेप जिल्हा न्यायालयात होतेच.

मी त्याच कोर्टाच्या बारमध्ये, म्हणजे वकिलांच्या खोलीत, बसतो आणि आमची टेबलं शेजारी आहेत, म्हणून ही डायरी रोज उघडताना-मिटताना बघत आलो. मॅडमनी तिच्यात जो बदल केला तो दिसायला इतका किरकोळ आहे की सांगितल्यावर बहुतेक वकील ‘एवढंच ना?’ म्हणतात. त्या ‘एवढंच’मागचं कारण नीट लिहावं असं वाटलं.

मूळची डायरी

आमच्याकडे बार असोसिएशन दरवर्षी डायरी छापते. दर तारखेला एक पान आणि पानावर उभे रकाने: मागील तारीख, प्रकरणाचा नंबर, पक्षकार, कोर्ट, कशासाठी नेमलंय, पुढील तारीख. पुकारा झाला, साहेबांनी (न्यायाधीशांनी) तारीख दिली, की ती पुढच्या रकान्यात टाकायची. संध्याकाळी ऑफिसात आल्यावर त्या नव्या तारखेचं पान काढायचं, तिथं तेच प्रकरण पुन्हा लिहायचं आणि ‘मागील तारीख’ या रकान्यात आजची तारीख टाकायची. झालं.

या पद्धतीला अनुक्रमणिका लागत नाही. दाव्याचं कुठलंही एक पान हाताला लागलं की मागच्या तारखेवरून मागं आणि पुढच्या तारखेवरून पुढं सगळा प्रवास उलगडतो. संगणकवाल्यांकडे याला नाव असेल. आबांना ते ठाऊक नाही आणि त्यांचं काही अडलेलंही नाही. तीस-चाळीस वर्षांत या डायरीनं आमच्या बारमधल्या एकाही धडधाकट वकिलाची कोर्टातली तारीख सहसा चुकू दिलेली नाही. आता जोडीला ई-कोर्ट्सचं अॅप आहे. प्रत्येक प्रकरणाचा सोळा अक्षर-अंकी सीएनआर नंबर (त्या प्रकरणाचा ओळख क्रमांक) एकदा टाकून ठेवला की पुढची तारीख मोबाईलवर दिसते. तारखेपुरतं बघायचं तर आज वकील पूर्वीपेक्षा निर्धास्त आहे.

मॅडमच्या सीनिअरांची वकिली याच डायरीवर चालली, पण एकट्या डायरीवर नाही. कुठल्या पक्षकाराकडून सातबारा यायचाय, कुणाची नक्कल तयार होऊन पडलीय, कुठल्या नोटिशीची मुदत कधी संपते, हे सगळं सीनिअरांच्या आणि आबांच्या डोक्यात असायचं. सीनिअर निवृत्त झाले, कपाटं मॅडमकडे आली, डायरी आली. डोकं आलं नाही. आबांचं वयही झालं होतं.

पुढील तारखेच्या रकान्यातली आडवी रेघ

मॅडमच्या पक्षकाराचा वाटपाचा दावा ३ जुलैला नामंजूर झाला. अपील करायचं हे त्याच दिवशी कोर्टाच्या व्हरांड्यात ठरलं. ७ जुलैला आबांनी नकलेचा अर्ज दिला. २२ जुलैला निकालपत्राची आणि हुकूमनाम्याची (निकालावरून निघालेल्या औपचारिक आदेशाची) नक्कल तयार झाली.

दिवाणी न्यायाधीशांच्या निकालावर जिल्हा न्यायालयात अपील करायला मुदत कायदा १९६३ प्रमाणे तीस दिवस मिळतात. निकालाचा दिवस धरत नाहीत आणि नक्कल मिळवायला लागलेला काळ वजा होतो. म्हणजे ४, ५ आणि ६ जुलै हे तीन दिवस खर्ची पडले, ७ ते २२ जुलैपर्यंत घड्याळ थांबलं आणि २३ जुलैपासून उरलेले सत्तावीस दिवस सुरू झाले. शेवटचा दिवस १८ ऑगस्ट. इथं एक खाच आहे, जी नवीन वकिलाला ठेच लागल्याशिवाय कळत नाही: नक्कल तयार झाली की घड्याळ पुन्हा चालू होतं, ती तुम्ही जाऊन घेतली नसली तरी.

नक्कल घ्यायला कुणी गेलंच नाही. आबांना वाटलं ज्युनिअरनं घेतली. ज्युनिअरला वाटलं अपिलाचं मॅडम स्वतः बघतायत. पक्षकार तर बिनघोर होता, कारण वकिलांनी ‘करतो’ म्हटलं होतं. २९ ऑगस्टला त्याचा फोन आला: “मॅडम, त्यांनी जमीन विकायला काढलीय. आपलं अपील कुठवर आलं?” मुदत जाऊन अकरा दिवस झाले होते. पुढं विलंब माफीचा अर्ज, शपथपत्र, समोरच्या वकिलांचं तिखट म्हणणं आणि शेवटी खर्च भरण्याच्या अटीवर विलंब माफ, असं होऊन अपील दाखल झालं. पक्षकाराचं नुकसान टळलं. तो खर्च मॅडमनी स्वतः भरला, हे मला आबांकडून कळलं.

अशा वेळी ऑफिसात साधारण काय होतं ते सगळ्यांना माहीत आहे. कुणाला तरी बोलणी बसतात, ‘यापुढं लक्ष ठेवायचं’ असं ठरतं आणि पंधरा दिवसांत गाडी मूळ पदावर येते. मॅडमनी ३ जुलैचं पान काढलं. ओळ व्यवस्थित होती: मागील तारीख, नंबर, पक्षकार, ‘निकाल – दावा नामंजूर’. आणि पुढील तारखेच्या रकान्यात एक छोटी आडवी रेघ. कोर्टानं पुढची तारीख दिली नव्हती, कारण कोर्टापुरतं प्रकरण संपलं होतं. त्या दिवसापासून १८ ऑगस्टपर्यंतच्या एकाही पानावर या दाव्याचा उल्लेख नव्हता. डायरी नियमानं भरली होती, आणि त्या नियमातच भोक होतं.

मला या प्रकरणातली सगळ्यात कामाची गोष्ट हीच वाटते. आपण ज्याला कामाची डायरी म्हणतो ती दुसऱ्याने दिलेल्या तारखांची नोंदवही असते. कोर्ट तारीख देतं तोवर प्रकरण डोळ्यांसमोर राहतं. कोर्टानं तारीख द्यायची थांबवली, किंवा अजून द्यायला सुरुवातच केली नाही, की प्रकरण कपाटात जातं आणि कपाट काही आठवण करून देत नाही. ई-कोर्ट्सचं अॅपही इथं कामाचं नाही. ते कोर्टाला माहीत असलेलंच सांगणार.

दिवाळीच्या सुट्टीतली झाडाझडती

दिवाळीच्या सुट्टीत मॅडमनी कपाटं रिकामी केली. एकेक फाईल उचलायची, आबांनी नंबर वाचायचा, ज्युनिअरनं डायरीत पुढचं पान शोधायचं. सापडलं तर फाईल डावीकडं, नाही सापडलं तर उजवीकडं, जमिनीवर. उजवीकडचा ढीग अपेक्षेपेक्षा बराच उंच झाला.

त्यात काय काय होतं ते सांगण्यासारखं आहे, कारण बहुतेक वकिलांच्या कपाटात हेच निघेल. एका ताकिदीच्या प्रकरणात पक्षकाराच्या वतीनं कॅव्हेट, म्हणजे ‘आमचं ऐकल्याशिवाय आदेश करू नका’ असा अर्ज, दाखल केलं होतं. दिवाणी प्रक्रिया संहितेच्या कलम १४८-अ प्रमाणे ते नव्वद दिवस टिकतं, मग पुन्हा दाखल करावं लागतं, आणि नव्वदावा दिवस कुठंच लिहिलेला नव्हता. एका दाव्यात वादीचा भाऊ, जो स्वतःही वादी होता, वारला होता. वारस रेकॉर्डवर आणायला मृत्यूपासून नव्वद दिवस मिळतात, नाहीतर त्याच्यापुरता दावा आपोआप संपतो. मग तो पुन्हा जिवंत करायला साठ दिवसांत वेगळा अर्ज. दाव्याची कोर्टातली तारीख जानेवारीत होती, म्हणून सगळे स्वस्थ होते. तहसीलदारांच्या आदेशावर प्रांतांकडे करायचं अपील होतं, त्याला महाराष्ट्र जमीन महसूल संहितेप्रमाणे साठ दिवस. ही प्रकरणं ई-कोर्ट्सच्या अॅपमध्ये येतही नाहीत. एका जुन्या हुकूमनाम्याची दरखास्त (अंमलबजावणीचा अर्ज) करायची राहिली होती. तिला बारा वर्षांची मुदत असल्यामुळंच ती कायम मागं पडत गेली होती. मुदत जितकी लांब तितकं विसरणं सोपं.

आणि चेक बाउन्स. यात तर कोर्टाची पहिली तारीख पडेपर्यंतच खरी कसरत असते. बँकेकडून चेक परत आल्याची माहिती मिळाल्यापासून तीस दिवसांत नोटीस जायला हवी. नोटीस मिळाल्यावर समोरच्याला पंधरा दिवस. त्यात पैसे आले नाहीत तर पुढच्या महिनाभरात फिर्याद. फिर्यादीला उशीर झाला तर सबळ कारण दाखवून माफ होऊ शकतो. नोटिशीला झालेला उशीर कशानंही भरून येत नाही. यातला एकही दिवस कोर्टाच्या बोर्डावर (त्या दिवशीच्या प्रकरणांच्या यादीत) दिसत नाही. पक्षकार मात्र चेक देऊन गेला की केस लागली असं समजतो.

रेघ

मॅडमनी नवी वही आणली नाही. त्याच डायरीत प्रत्येक पानाच्या खालच्या तिसऱ्या भागात पट्टीनं आडवी रेघ मारली. रेघेच्या वर कोर्टानं दिलेल्या तारखा, पूर्वीसारख्याच. रेघेखाली आपण आपल्याला दिलेल्या तारखा. आणि नियम एकच: कुठल्याही फाईलला पुढचं एक पान असल्याशिवाय ती कपाटात जायची नाही. कोर्टानं तारीख दिली असेल तर रेघेच्या वर, नसेल तर रेघेखाली. पुढील तारखेच्या रकान्यात आडवी रेघ मारायला बंदी.

त्या वाटपाच्या दाव्याचं आज काय होईल ते बघा. ३ जुलैच्या ओळीत पुढील तारीख म्हणून ‘४ जु. खाली’ असं येईल. ४ जुलैला रेघेखाली: ‘नकलेचा अर्ज – आबा’. अर्ज दिल्यावर ती ओळ खोडून १२ जुलैला: ‘नक्कल तयार? विभागात विचारा – आबा’. तयार नसेल तर खोडून पुढं १७ तारखेला, मग २२ ला. हातात आली की शेवटचा दिवस मोजून तो त्या पानावर लाल शाईनं चौकटीत, आणि त्याच्या बरोबर दहा दिवस आधीच्या पानावर रेघेखाली: ‘अपील मसुदा पुरा’. म्हणजे प्रकरण परत पानापानावरून उड्या मारत राहतं, फक्त उड्या कोर्टाच्या सांगण्यावरून नसून आपल्या.

हेच पुढं रेघेच्या वरच्या प्रकरणांनाही लागू झालं, आणि माझ्या मते खरा फायदा तिथं झाला. पूर्वी २० तारखेला उलटतपास असला तर ‘उलटतपास’ हा शब्द फक्त २० तारखेच्या पानावर असायचा. म्हणजे १९ ला रात्री नऊला फाईल उघडायची. आता तारीख पडली त्याच संध्याकाळी, वर २० ला नोंद करताना, १३ ला रेघेखाली ‘उलटतपासाचे मुद्दे, निशाणीवरचे (कोर्टात क्रमांक देऊन दाखल झालेले) कागद वाचणे’ आणि १६ ला ‘पक्षकाराला बोलावणे’ अशा दोन ओळी पडतात. युक्तिवादाला दहा दिवस आधी, कैफियतीला (प्रतिवादीच्या लेखी उत्तराला) समन्स मिळाल्यापासून पंधराव्या दिवशी. कैफियतीला तीस दिवस आणि कोर्टानं वाढवून दिले तर नव्वदपर्यंत, हे कायद्यात आहे. साध्या दाव्यांत कोर्ट त्याहून पुढंही कधी कधी घेतं, आणि ती सवलत सगळ्यांना तोंडपाठ असल्यामुळंच कैफियत शेवटच्या तारखेला टाईप होते. ‘नो डब्ल्यूएस’चा, म्हणजे कैफियत आलीच नाही असा, आदेश झाल्यावर तो रद्द करून घ्यायला जो वेळ जातो, त्यात दोन कैफियती लिहून होतील.

किती दिवस आधी, याचं कोष्टक मॅडमनी आधी बरंच मोठं केलं होतं. प्रत्येक टप्प्याला वेगळा आकडा. ते पाठ होईना. आता तीनच आकडे आहेत: साध्या अर्जाला तीन, पुराव्याला सात, युक्तिवाद आणि अपिलाला दहा. बसले तर बसले, नाहीतर अंदाजानं.

संध्याकाळचं वाचन

रेघ मारणं सोपं होतं. ती जिवंत ठेवणं संध्याकाळच्या वाचनावर अवलंबून आहे आणि ते मी बऱ्याचदा बसून पाहिलं आहे.

साडेसहाच्या सुमारास आबा चष्मा लावून डायरी पुढ्यात घेतात. चहा आलेला असतो. आबा आजचं पान वरून वाचतात, प्रत्येक प्रकरणाला ज्युनिअर ‘पुढं टाकलं’ किंवा ‘निकाली’ असं म्हणते आणि तारीख सांगते. रेघेच्या वरचं झालं की खालचं. ‘मोजणीचा नकाशा मागवणे.’ “झालं.” आबा ओळ खोडतात. ‘पोच तपासणे, चेकची नोटीस.’ “राहिलं.” इथं आबा थांबतात आणि मान वर करतात. राहिलं असेल तर ज्युनिअरनं कुठली तरी तारीख सांगायची. ‘उद्या बघू’ चालत नाही, बाण काढून पुढच्या पानावर ढकलणं चालत नाही. ओळ पूर्ण खोडायची आणि नव्या पानावर पुन्हा हातानं लिहायची. हा थोडा त्रास मुद्दाम ठेवलाय. दहा ओळी रोज पुन्हा लिहायला लागल्या की माणूस मुळात दहा ओळी कमी लिहितो.

एखादी ओळ तिसऱ्यांदा लिहायची वेळ आली तर आबा ती मॅडमपुढं ठेवतात. अशी एक ओळ मी पाहिली: ‘कांबळवाडीचे वारस’. (गावाचं नाव बदललंय.) दोन आठवडे ती पुढं सरकत होती. मॅडमनी ज्युनिअरला विचारलं, “उद्या सकाळी टेबलाशी बसलीस की नेमकं काय करणार आहेस?” ज्युनिअर म्हणाली, “वारसांचा अर्ज करायचाय.” “कर की मग. काय अडलंय?” “मृत्यूचा दाखला नाही.” “तो कोण आणणार?” “धाकटा मुलगा. पण तो पुण्यात असतो.” “नंबर आहे?” नंबर नव्हता. नंबर थोरल्या सुनेकडं होता. मॅडमनी ती ओळ खोडून लिहिलं: ‘थोरल्या सूनबाईंना फोन, धाकट्यांचा नंबर घेणे’. दुसऱ्या दिवशी सकाळी तो फोन झाला, दुपारपर्यंत दाखल्याचा फोटो व्हॉट्सअॅपवर आला.

तेव्हापासून रेघेखाली नुसतं नाव लिहायचं नाही, क्रियापद लिहायचं असा दंडक आहे. ‘वारस’ नाही, ‘फोन करणे’. ‘कैफियत’ नाही, ‘कैफियतीचे परिच्छेद १ ते ५ ला उत्तर’. आणि शेवटी कोणाचं काम ते एका अक्षरात: म, ज, आ. या ‘कोण’नं आधी भांडणं झाली, हेही सांगतो. आबांना वाटायचं आपल्यावर पाळत ठेवली जातेय. ते निवळलं, कारण मॅडमच्या नावाच्या राहिलेल्या ओळीही तेवढ्याच मोठ्यानं वाचल्या जातात, आणि त्या वाचताना आबांचा आवाज थोडा जास्तच चढतो.

आजचं पान संपलं की उद्याचं आणि परवाचं. उद्याच्या फाईली त्याच वेळी कपाटातून काढून बोर्डाच्या क्रमानं लावतात. सगळं मिळून अर्धा तासही लागत नाही.

जे करून पाहिलं आणि सोडलं

ज्युनिअरनं पहिल्याच महिन्यात सगळं एक्सेलमध्ये घेतलं होतं, रंग-बिंग लावून. शीट सुंदर होती. आबांना ती उघडता येत नव्हती, मॅडम कोर्टात उभ्या असताना बघू शकत नव्हत्या आणि ज्युनिअर तापानं झोपली त्या आठवड्यात ती जिथल्या तिथं गोठली. फोनमधलं कॅलेंडरही झालं: रोज इतक्या घंटा वाजायला लागल्या की कुणी बघेना. चार रंगांची पेनं आणली होती, त्यातलं लाल तेवढं टिकलं, तेही फक्त कायद्यानं ठरलेल्या शेवटच्या दिवसासाठी. ऑफिसच्या कामांसाठी वेगळी वही हा प्रयोग सगळ्यात लवकर बुडाला. दोन ठिकाणी बघायचं म्हटलं की एक ठिकाण हमखास बघायचं राहतं.

अॅप मात्र सोडलेलं नाही. शनिवारी ज्युनिअर पुढच्या आठवड्याच्या तारखा अॅपशी ताडून बघते. साहेब रजेवर गेले, बोर्ड बदललं, प्रकरण दुसऱ्या कोर्टाकडं वर्ग झालं, हे डायरीला कळत नाही. तिथं अॅपचा शब्द शेवटचा.

अजून न सुटलेलं

ही पद्धत सगळं सोडवते असं मॅडमही म्हणत नाहीत. तालुका कोर्टात दिवसाला बोर्डावर किती प्रकरणं असतात आणि प्रत्यक्षात किती चालतात, याचा मेळ नसतो. तीन उलटतपासांची तयारी करून जावं आणि एकही साक्षीदार हजर नसावा, हे नेहमीचं. सात दिवस आधी केलेली तयारी मग दोन महिन्यांनी पुन्हा करावी लागते. मॅडमनी यावर तोडगा म्हणून तयारीचे मुद्दे फाईलच्या आतल्या कव्हरवर पेन्सिलनं लिहायला सुरुवात केली, त्यानं दुसऱ्यांदा वाचण्याचा वेळ बराच वाचतो, पण पूर्ण नाही.

बाजाराचा दिवस हा दुसरा. त्या दिवशी आजूबाजूच्या गावांतले पक्षकार भाजी-बियाण्याच्या निमित्तानं येतात आणि जाता जाता ‘तारीख काय पडली’ विचारायला डोकावतात. त्यांना हाकलणं जमत नाही, जमवूही नये. वकिली या डोकावण्यावरच चालते. मग बाजाराच्या दिवशी रेघेखाली दोनच ओळी लिहायच्या असं ठरलं. बोर्ड जड असेल त्या दिवशी तीन. हे आकडे मोडले जातात, पण निदान मोडले हे दिसतं.

वर्ष बदलतानाचा घोळ आमच्या सगळ्यांचाच आहे. नोव्हेंबरपासूनच कोर्ट जानेवारी-फेब्रुवारीच्या तारखा द्यायला लागतं आणि नवी डायरी डिसेंबरच्या अखेरीस हातात येते. मधल्या काळातल्या तारखा जुन्या डायरीच्या शेवटच्या कोऱ्या पानांवर दाटीवाटीनं बसतात. रेघेखालची कामं तिथं पहिल्या वर्षी गडप झाली, कारण कोऱ्या पानांवर रेघ मारायचं सुचलंच नव्हतं. आता त्या पानांचेही वर-खाली भाग केलेत, आणि नव्या डायरीत उतरवताना आबा वाचतात, ज्युनिअर लिहिते आणि नंतर उलट: ज्युनिअर नव्यातून वाचते, आबा जुन्यात टिक करतात. मे महिन्याच्या सुट्टीचाही एक बारकावा आहे. मुदतीचा शेवटचा दिवस कोर्ट बंद असताना आला तर कोर्ट उघडण्याच्या दिवशी दाखल करता येतं. पण ती सवलत डायरीत मोजायची नाही, असं मॅडमनी ठरवलंय. लाल चौकट सुट्टीच्या आधीच्या कामाच्या दिवशी.

एका मुद्द्यावर माझं त्यांच्याशी अजून जमलेलं नाही. सगळं ऑफिस एका डायरीवर आहे आणि ती डायरी रोज मॅडमच्या बॅगेतून कोर्टात जाते, पावसाळ्यात दुचाकीवर. बॅग हरवली, भिजली, एसटीत राहिली, तर रेघेखालचं काहीच कुठं नाही. रेघेच्या वरचं अॅपमधून परत मिळेल. मी म्हणत होतो की डायरी ऑफिसातच ठेवा आणि कोर्टात फक्त त्या दिवसाच्या पानाची झेरॉक्स न्या. त्यांना ते पटत नाही. साहेब तारीख देताना ‘त्या दिवशी माझी दोन कामं आहेत, पुढची द्या’ असं सांगायला पुढची पानं समोर लागतात, हा त्यांचा मुद्दा बरोबर आहे. तडजोड म्हणून हल्ली वाचन संपल्यावर ज्युनिअर पुढच्या आठवड्याच्या पानांचे फोटो काढून ऑफिसच्या ग्रुपवर टाकते. लाल चौकटी मात्र आठवड्याच्या पलीकडं असतात, आणि त्यांचे फोटो निघत नाहीत. मी परवा तसं म्हटल्यावर आबा म्हणाले, लाल चौकटींची एक यादी कपाटाच्या दाराला आतून चिकटवू. मॅडम म्हणाल्या, मग ती दुसरी वही झाली. वाद तिथंच आहे.